नाक खाली

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून नोकरी. कॅम्प पाचमधल्या मामाच्या घरून बाइकवर निघालो आणि पालेगावात पोचेपर्यंत शीळच घालत होतो. नव्या टॉवरच्या तळाशी, मेडिकल आणि केकशॉपच्या मधे, बाळाशेठचा गाळा. शटर वर गेलं आणि आत चक्क कॉकपिट! जुन्या गाडीची सीट, समोर मोठे स्क्रीन, जॉयस्टिक, पायाखाली पेडल. विमानाचं वेड असलेली पोरं इथे तासावर येतात. काहीजण पायलटच्या कोर्सला जाण्याआधी हात बसवायला येतात. त्यांना शिकवायचं आणि यंत्र नीट ठेवायचं, एवढंच माझं काम.

बाळाशेठ इथलेच आगरी. त्यांच्या भाताच्या शेतावर टॉवर उभा राहिला, बदल्यात हा गाळा मिळाला. सगळा कारभार मुलगी संजीवनी बघते. तिने चहा दिला, वायफायचा पासवर्ड दिला आणि लगेच कल्पेशचं नाव काढलं. हे सगळं त्याने उभं केलंय म्हणे. आता तो लांबच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये खऱ्या विमानावर शिकवतो. बाळाशेठ म्हणाले, "त्याचा हात बगायला पायजे व्हतास पोरा."

बघू. माझा हातही काही वाईट नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज ट्रिम बसवलं. हवेत विमानाचं नाक सारखं वर नाहीतर खाली जाऊ बघतं. ते सरळ ठेवायला जॉयस्टिक दाबून धरावी लागते, मनगट भरून येतं. ट्रिम लावलं की तो जोर विमान स्वतःच धरतं, हात मोकळा. कल्पेशने ट्रिम एका वेगळ्या चाकावर दिलं होतं, ते आता झिजलंय. मी ते जॉयस्टिकवरच्या अंगठ्याच्या बटणावर घेतलं. पुढे दाबलं की नाक खाली, मागे ओढलं की वर. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक खूण सरकते. ती मध्यावर असली की सगळं शांत.

संजीवनीला बसवून शिकवलं. विमान सरळ झालं तशी तिने दोन्ही हात सोडून दिले आणि मोठ्याने हसली. इतकं सोपं करून तिला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणाली.

घरी जाताना अंबरनाथचे खड्डेसुद्धा लागले नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

कल्पेशचा व्हिडिओ कॉल आला. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, मागे धावपट्टी. माझ्याशीही बोलला. "भावा, आपल्या बाळाला सांभाळ," म्हणाला. यंत्राला बाळ म्हणतो! संजीवनी फोन घेऊन बाहेर गेली ती बराच वेळ आली नाही. बाळाशेठनी सांगितलं, दिवाळीनंतर दोघांचा साखरपुडा ठरवायचाच होता, पण पोरगी अजून नीट हो म्हणत नाही.

मीही आज तिथे, त्या धावपट्टीवर असतो. अभ्यास होता, हात होता. पायलटच्या मेडिकल तपासणीत लाल-हिरव्या रंगांची गफलत निघाली आणि संपलं.

ती बाहेर असताना मी कल्पेशचं सगळं सेटिंग पुसून टाकलं. नव्याने कॅलिब्रेशन केलं. त्यात शेवटी हात काढून घ्यायचा असतो, म्हणजे स्थिर काय ते यंत्राला कळतं. हात काढला तेव्हा समोर भिंतीवर त्याचाच फोटो होता. आतून नुसता जळत होतो. 'ठीक' दाबलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

विचित्रच. दुपारी रिकामा बसलो होतो, स्क्रीनवर विमान सरळ चाललं होतं. संजीवनी कल्पेशचे फोटो दाखवायला आली. चिडून अंगठा पुढे दाबला. नाक खाली. मग सावरलं.

संध्याकाळी कल्पेशचा फोन. दुपारी उडताना विमानाचं नाक एकाएकी खाली जायला लागलं, ट्रिम हाताला दाद देईना, मग आपोआप सुटलं. मेकॅनिकला काही सापडलं नाही.

योगायोग असणार. दुसरं काय?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा केलं. मुद्दाम. कल्पेश उडतोय हे संजीवनीकडून कळलं होतं. जरासंच दाबलं आणि भीती वाटून मुख्य बटण बंद केलं. तिथेच चुकलो. संजीवनीचा फोन वाजला, त्याच्या मित्राचा. विमान खालीच ओढतंय, तो आणि त्याचा विद्यार्थी दोघे मिळून दांडा ओढून धरतायत, उतरता येत नाहीये. मी घाईने सगळं परत चालू केलं. खूण होती तिथेच, खाली. ती मध्यावर आणली. थोड्या वेळाने कळलं, उतरले.

म्हणजे बंद करून सुटका नाही.

ती जमिनीवर बसून रडत होती. मला लाज वाटायला हवी होती. माझ्या मनात आलं, माझ्यासाठी असं कुणी कधी रडलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

जॉयस्टिकची वायर काढून पिशवीत भरली. चेन लावली.

संजीवनीने त्याचं नाव घेतलं. खूण खाली सरकली. वायर नाही, बटण नाही — कुणी हात लावला नव्हता. मी नजर वळवली, दुसरा विचार केला. थांबली. परत त्याचा विचार — खाली.

मी पुसलेलं सेटिंग परत आणता येत नाही. नवं कॅलिब्रेशन होत नाही. सारखं एकच येतं: हात काढून घ्या.

हात कुठे आहे माझा?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संजीवनी आज रात्रीच्या गाडीने कल्पेशकडे जातेय, उद्या त्याच्याबरोबर उडणार. त्याच्या मनातली भीती जावी म्हणून.

सगळं सांगितलं तिला, माझ्या मेडिकलचंसुद्धा. ती आधी ऐकत होती, मग उभी राहिली. "तुला त्याचं बघवत नाही, सुयोग. पहिल्या दिवसापासून बघतेय मी." बाळाशेठ म्हणाले, डोकं फिरलंय, चार दिवस घरी बस. मी पाया पडलो तेव्हा गाळ्यात राहू दिलं.

कल्पेशला फोन केला. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, मेडिकलचं त्याला तिच्याकडून कळलंय, फार वाईट वाटलं. "एकदा ये भावा, शेजारी बसवून फिरवतो तुला."

शिव्या का नाही दिल्यास? चांगला वागू नकोस रे — खूण बघ कुठे —

१९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

स्क्रीनसमोर बसलोय. खूण मध्यावर. शटर आतून लावलंय. लिहीत राहिलो की मन जागेवर राहतं.

तिचा फोटो आला. विमानात पुढे, त्याच्या शेजारी. त्याचा हात तिच्या हातावर.

नको. नको बघू. फोन उलटा ठेवला.

चांगला मुलगा आहे. कष्टाने शिकला. हे यंत्र त्याने बनवलं. तो तिला सुखात — खूण वर येतेय. येतेय. मध्यावर.

निघाले असतील.

मामाचा विचार. बाइक. सर्व्हिसिंग करायचंय. मध्यावर आहे.

फोन थरथरला. बघणार नाही.

परत.

बघितलं. वरून, विमानातून पाठवलंय तिने. 'मी हो म्हटलं त्याला. सुयोग, राग सोड. तुला सगळ्यात आधी सांगतेय.'

मला. सगळ्यात आधी.

चांगलं झालं. छान झालं. खूण — नाही, नाही, थांब — मला आनंद झालाय. वर ये. संजीवनी, मला आनंद झालाय, देवाशप्पथ, मला आनंद झालाय, मला खरंच —