तीन नंबरची खिडकी

सोम. ३ फेब्रु.
फरीदाबादच्या हॉस्पिटलमधून तिसरी तक्रार. भरतीच्या चिठ्ठीवर नाव बरोबर, रक्तगट भलत्याचाच. या वेळी रक्त मागवलंही होतं. रक्तपेढीतल्या तपासणीत जुळेना, म्हणून त्या पेशंट आजी वाचल्या. हॉस्पिटलला आमच्या कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरमधलं नोंदणीचं पान मी लिहिलेलं, म्हणून आमचे साहेब अरोरा सर थेट माझ्या टेबलाशी. "देख लो यार, शाम तक रिपोर्ट चाहिए."

दिवसभर ब्राउझरमध्ये ब्रेकपॉइंट लावून बसले. कोडच्या ओळीवर खूण केली की पान तिथे थांबतं, आतलं सगळं उघडं दिसतं, मग एकेक पाऊल पुढे. वीसदा पेशंटचा नंबर टाकला, वीसदा समोर आलेला रक्तगट बरोबर. आणि तिन्ही चिठ्ठ्या तीन नंबरच्या खिडकीवरच्या, मदनलाल नावाच्या क्लार्कच्या. बाकी चार खिडक्यांवर एकही चूक नाही. मग आणखी काय शोधायचं?

लिहून दिलं: पानात दोष आढळला नाही, हाताळणीतली चूक. पाचला मोकळी.

गुरु. ६ फेब्रु.
मदनलालना घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. अरोरांनी जेवताना सांगितलं, माझ्या डब्यातलं थालीपीठ तोडत. "तुम्हारी रिपोर्ट से काम हो गया. बढ़िया." मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, नंतर सोयीने विसरायला नको.

घरी विनयला सांगितलं. नवरा सरकारी खात्यात, जन्म फायलींवर शेरे मारण्यात गेला. एवढंच म्हणाला, "त्या माणसाला काम करताना पाहिलंस का तू?" म्हटलं, तुला यातलं काय कळतं. उगाच चिडले. भाजी करपली, तीही त्याच्यावरच ढकलली.

सोम. १० फेब्रु.
वि.चा प्रश्न काही डोक्यातून जाईना. प्रिंटरचं निमित्त काढून फरीदाबादला गेले. तीन नंबरवर आता दुसऱ्या बाई. एकेक आकडा शोधून दाबतात, रांग दारापर्यंत. एक म्हातारे गृहस्थ कुरकुरत होते, "वो पुराने बाबूजी कहाँ गए? उनके टाइम में तो मिनट नहीं लगता था."

शेजारच्या खिडकीवरच्या क्लार्कला विचारलं. म्हणाला, मदनलालजी इथे येण्याआधी टाइपिंग शिकवायचे. "कीबोर्ड तो देखते ही नहीं, मैडम."

परतताना मेट्रोत बसायला मिळालं. बदरपूर स्टेशन गेलं आणि एकदम सुचलं. कीबोर्ड न बघणारा माणूस सहावा आणि सातवा आकडा किती जवळजवळ दाबत असेल. आणि माझं पान सहाव्याच आकड्याला...
उद्या.

मंगळ. ११ फेब्रु.
सापडलं.

जुन्या पेशंटांचे नंबर सहा आकडी, नव्यांचे सात. नाव पूर्ण नंबरावरच येतं, पण सहावा आकडा पडला की माझं पान लगेच रक्तगट मागवतं, सातव्यानंतर पुन्हा मागवतं. नव्या नंबरच्या पहिल्या सहा आकड्यांवर भलत्याच जुन्या पेशंटची नोंद निघते, आणि ती जरा उशिरा येते. हळू टाइप केलं तर ती आधीच येऊन जाते, मग खरी तिच्या जागी बसते. भरभर केलं तर दोन्ही मागण्या बरोबरच सुटतात. कधीतरी खरी आधी पोचते, आणि मागून आलेली परक्याची नोंद तिला पुसून टाकते.

आणि मी ब्रे.पॉ. कुठे लावला होता? सहाव्या आकड्यावर. पान थांबवून, चहाचे घोट घेत. तेवढ्यात जुनी नोंद निवांत येऊन जायची. मी थांबवत होते, म्हणूनच चूक होत नव्हती. वीसच्या वीस वेळा.

आज पान न थांबवता नुसती नोंद ठेवणारी खूण लावली आणि जमेल तेवढ्या वेगाने नंबर ठोकले. नवव्यांदा ओ पॉझिटिव्हचं बी पॉझिटिव्ह झालं.

पाचांत एकच क्लार्क इतक्या वेगाचा होता. म्हणून चुका त्याच्याच खिडकीवर. कोड माझा, रिपोर्ट माझा, आणि घरी तो बसलाय.

बुध. १२ फेब्रु.
अरोरांना दाखवलं. स्वतः करून पाहिलं त्यांनी. चुकलं तेव्हा खुर्ची मागे घेतली. "आज ही ठीक कर दो. कारण मत लिखना, रूटीन अपडेट."
म्हटलं, वो आदमी घर बैठा है सर.
"वो हॉस्पिटल का मामला है. और तुम अभी प्रोबेशन पर हो."
विसरलेले नाही. लेकीसाठी आठ वर्षं घरी राहिल्यावर मिळालेली नोकरी आहे. किती ठिकाणी तोंड वेंगाडलं, ते माझं मला माहीत.

दुरुस्ती दुपारी गेली. आलेलं उत्तर आत्ताच्या नंबरचं नसेल तर टाकून द्यायचं. चार ओळी. बाथरूममध्ये जाऊन रडले.

रवि. १६ फेब्रु.
मदनलालजींच्या घरी जाऊन आले. पत्ता त्या शेजारच्या क्लार्कने दिला. वि. सोबत आला, पण बाहेर थांबला. म्हणाला, हे तुझं तू सांग.

सांगितलं सगळं, मोडक्या हिंदीत. ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "वो माताजी ठीक हैं ना?"

टेबलावर जुना कीबोर्ड होता, कशालाच न जोडलेला. वही उघडी, आकड्यांचे रकाने. दहा दिवस रोज सकाळी नंबर टाइप करून बघत होते, कुठलं बोट चुकतंय ते. "मुझे लगा उम्र हो गई. हाथ धोखा दे रहा है." बायको म्हणाली, परवापासून हातात चहाचा कपसुद्धा जपून धरतात.

रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आपकी रिपोर्ट पढ़कर सुनाई थी मुझे. कंप्यूटर वालों ने लिखा है, तो ठीक ही होगा. मैंने माफ़ीनामा लिख दिया."
मग, "मैडम, ये जो आपने बताया, लिखकर दे सकती हैं?"
हो म्हटलं.

सोम. १७ फेब्रु.
हॉस्पिटलला पत्र गेलं. दहा वाजता, माझ्या नावाने. दोष पानात होता, पान मी लिहिलं, आधीचा रिपोर्ट चुकीचा. वि.ने फक्त 'असावा', 'वाटते' खोडायला लावलं. एक प्रत मदनलालजींना, एक अरोरांना. अरोरा केबिनमधून बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं, परत आत गेले. तरी आज पहिल्यांदा नीट जेवले.

बुध. १९ फेब्रु.
एचआरचा मेल: शुक्रवारी अकराला भेटा.

हॉस्पिटलचं उत्तरही आलं, दोन ओळींचं. संबंधित कर्मचाऱ्याने आपली चूक स्वतः लेखी मान्य केली आहे, त्यामुळे प्रकरण पुन्हा उघडण्याचे कारण दिसत नाही. सोबत माफीनाम्याची प्रत. अक्षर सुरेख, एक खाडाखोड नाही. 'मेरी उँगलियों की गलती से' असं लिहिलंय. खाली सही.

मदनलालजींचा दोनदा फोन येऊन गेला. उचलला नाही. उद्या लॅपटॉप घेऊन हॉस्पिटलला जाते, जुनं पान उघडून तिथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर चुकवून दाखवते. आत घेतील की नाही, कुणास ठाऊक. आधी मदनलालजींना फोन करायला हवा.