उभ्यानं नोकरी केलेला माणूस

३ एप्रिल १९७४, बुधवार
सकाळी बाजेवरून उठलो अन् घर फिरलं. डोळ्यांपुढं अंधार. भिंत धरली. याला चक्कर म्हणता येणार न्हाई. मी एसटीत कंडक्टर होतो. सगळी नोकरी चालत्या गाडीत उभ्यानं केली, तीही दांडा न धरता. रिटायर झाल्यावर न हलणाऱ्या जमिनीची सवय व्हायला टाइम लागतो, एवढंच.
बायको बायना पोरीच्या, उषाच्या बाळंतपणाला शहागडला गेल्ती, ती अजून तिकडंच. मीच म्हणलं, आरामात ये. हसनाबादला काही अडून राह्यलं न्हाई. घरात शांतता. बिलकुल त्रास न्हाई.

५ एप्रिल
परत तेच. कारण सापडलं: बाजेचं सुंभ सैल पडलंय. वाकून सगळं आवळलं. काम फक्कड झालं. उभा राह्यलो अन् त्याच बाजेवर बसलो. बसावंच लागलं.

८ एप्रिल
आजपासून शिस्त. घंटी वाजली की गाडी सुटते, विचार करत थांबत न्हाई. तसंच झटक्यात उठायची प्रॅक्टिस करायची. शरीर आपोआप सुधारतं.
संध्याकाळी: प्रॅक्टिस बंद. कपाळावर टेंगूळ. शेजारच्या मालनबाईंनी विचारलं. म्हणलं, दाराची चौकट ठेंगणी झालीय.

१२ एप्रिल
भोकरदनला गेल्तो. सहजच. तिथं डॉक्टर दिसला. आडवं पाडून प्रेशर मोजलं, मंग उभं करून मोजलं. म्हणे, उभं राह्यलं की तुमचं प्रेशर एकदम उतरतं, रक्त पायातच राहतं, डोक्याला उशिरा पोचतं. म्हणजे गाडी लेट. एवढ्यासाठी मोठं शिक्षण घेतलं!
जेवण कसं, पाणी किती, सगळं विचारलं. म्हणलं, बराबर आहे. (सकाळी चहा, दुपारी चहा. एकट्यासाठी चूल कोण पेटवतो?) त्याचं म्हणणं, पाणी भरपूर प्या, वेळेवर जेवा. उठताना आधी बसा, पाय खाली सोडा, पंजे हलवा, मंग हळू उभे ऱ्हा. अंधारी आली तर लगेच खाली बसा, लाजू नका. शेवटी विचारलं, घरात कोण असतं. म्हणलं, घर भरलेलं आहे.
डॉक्टर कोवळा आहे. त्याला अनुभव न्हाई.

१९ एप्रिल
ऊन फार. रांजण रिकामा. आडावर जायचं म्हणजे वाकणं आलं, उठणं आलं. तसं चहात पाणीच असतं.
बायनाला कळवावं का? नको. उगाच धावत येईल.

१ मे
गावातल्या कचरूच्या पोरीचं लग्न. मांडवात भट्टीसारखं गरम. कालपासून पोटात काही न्हवतं, म्हणून बुंदी, वरण-पोळी, सगळं दाबून खाल्लं. वाढणारा म्हणला, मामा उठा, दुसरी पंगत बसायचीय. मी झटक्यात उठलो. पुढचं आठवत न्हाई. वरणाच्या बादलीवर पडलो म्हणतात. डोळे उघडले तर एक जण माझं तोंड हुंगून राह्यलता. मंग सगळ्यांना म्हणला, "घेतलीय."
आयुष्यात थेंब घेतला न्हाई. तसं सांगायला उठणार होतो. उठता आलं न्हाई.

४ मे
बातमी शहागडला पोचली. दुपारच्या गाडीनं बायना आली. मी म्हणलंच होतं, धावत येईल. आल्याबरोबर माझं तोंड हुंगलं. मंग भाकरीचं टोपलं उघडून पाह्यलं. पाणी भरलं, चूल पेटवली. गरम भाकरी अन् पिठलं. धूर फार झाला, डोळ्यांतून पाणी आलं.

५ मे
सकाळी उठायला लागलो तर तिनं खांद्यावर हात ठेवून बसवलं. तांब्या हातात दिला. मी पाणी पिलो, पाय खाली सोडून बसलो. तीही शेजारी बसली. मंग म्हणली, आता उठा. उठलो. घर जागच्या जागी.
मी तिला हुकूम सोडला, आता इथंच ऱ्हायचं.
ती शांतपणे म्हणली, "तुमचा मुक्काम रोज बाहेरगावी असायचा. ह्या घरात मी एकटी राह्यले, तवा कुणी विचारलं न्हाई. मला आता ती नात सोडत न्हाई. तुमीच चला की तिकडं."
जावयाच्या घरी ऱ्हायचं म्हणजे काय. म्हणलं, मला इथं कामं आहेत.
"कोणती?"
म्हणलं, बरीच आहेत.

६ मे
बायना गेली. स्टँडवर पोचवायला गेल्तो. गाडीत जागा मिळाली तिला, खिडकीजवळची. कंडक्टर नवा होता, मला ओळखलं न्हाई.

९ मे, गुरुवार
डॉक्टरनं सांगितलं तसंच केलं. आधी बसलो. पाणी पिलो. पंजे हलवले. हळू उभा राह्यलो. चक्कर न्हाई, अंधारी न्हाई. एकदम फिट.
कोणत्या कामाला उठलो, ते मात्र आठवेना. थोडा वेळ तसाच उभा राह्यलो. मंग बसलो.