अकरा एक आणि राहिलेला एक

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, तिकिटांवर आकडे उठवणारी यंत्रं छापखान्यात चाळीस वर्षं दुरुस्त करणारा कारागीर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ताई, म्हणजे शाळेत गणित शिकवणारी माझी थोरली बहीण, त्यावर हसेल.

१. घर मुलीला. मागची खोली पाडायचं टुमणं जावयाने वर्षभर तरी लावू नये.

२. अकरा चाकांचं यंत्र जावयालाच. दुरुस्तीनंतर सगळी चाकं एकावर आणून छाप घ्यायची आमची रीत: ११,११,११,११,१११. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. या संख्येला कोण निःशेष भागत असेल, हा किडा त्या छापेनेच माझ्या डोक्यात सोडला.

३. लाखावर भागाकार करून बघावे लागले असते. ताईने युक्ती काढली: हिला भागणाऱ्या कुठल्याही संख्येला बावीसने भागलं तर एक उरलाच पाहिजे. काम चार हजार सातशे एक्क्याण्णव भागाकारांवर आलं. मी भागायचं, तिने तपासायचं, असं ठरलं होतं. मी घाई केली, एकट्यानेच सगळे उरकले आणि जाहीर केलं, हिला कुणीच भागत नाही.

ताई म्हणाली, "वही दे, बघते."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"तुझ्यावर आहे रे. भागाकारावर नाही."

मी वह्या कपाटात घालून कुलूप लावलं. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. चूक माझी होती आणि ती मला रोज आठवायची.

गेल्या महिन्यात या कागदासाठी कपाट आवरलं. नऊशे चौऱ्याऐंशीवा भागाकार २१६४९ ने, बाकी १९४८४. उतरवलेले एक मोजले तर दहाच! सगळे सारखेच, त्यात कुठला राहिला ते कळणार कसं? राहिलेला खाली घेतला: १९४८४१. बरोबर नऊ वेळा, बाकी शून्य. भागाकार ५१३२३९. आधी लाज वाटली, मग इतका आनंद झाला की एकटाच हसत बसलो.

४. वह्या ताईला, असं हे कलम होतं. वकील म्हणाले, जिला काही देता तिची साक्ष घेऊ नका. मला तर तिचीच सही हवी. म्हणून कलम रद्द. वह्या मी स्वतःच तिच्याकडे घेऊन आलो आहे.

स्थळ: ताईचं स्वयंपाकघर. तारीख: १९ नोव्हेंबर.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले, शेजारचे दंतवैद्य: (सही) सही माझ्यादेखत झाली. गणिताची जबाबदारी माझी नाही.

साक्षीदार दुसरी, थोरली बहीण: (सही) हा भागाकार तपासला, आता बरोबर आहे. पण त्याच्या आधीचे नऊशे त्र्याऐंशी कुणी तपासलेत? आजपासून मी बसते, तू समोर बस. संपेपर्यंत मरायचं नाही.