दोन उजवे कान आणि फुल फ्रेम

झुलाल, पहिली गोष्ट, माझा फोन कापणं बंद कर. अकरा दिवसांत सात वेळा लावला आणि सातही वेळा तू कापलास. म्हणून पत्र लिहिते आहे. तुझ्या डोळ्याला पट्टी आहे, म्हणजे हे तुझी सून ममता वाचून दाखवणार आणि तुला शेवटपर्यंत ऐकावं लागणार. (ममता, हा उठून अंगणात निघाला तर मागे मागे जा आणि वाच. आवाज चढव.)

आता रीतीचं. सोनगीर मुक्कामी चिरंजीव झुलाल यास धरणगावहून थोरल्या बहिणीचा, गुंताअक्काचा, आशीर्वाद, जेवढा शिल्लक राहिला आहे तेवढा. इकडे बठ्ठे जिवंत आहेत. माझे गुडघे होते तसेच आहेत, ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. तुझा मोतीबिंदू नीट निघाला का? डॉक्टरने सांगितलेलं औषध वेळेवर घालतोस की तिथेही भाव करत बसतोस, ते ममता मला कळवेल. डोळ्यात नवी लेन्स बसवून घेताना तू कोणाला विचारलं नाहीस. आमच्या घरी मात्र एका लेन्सवरून महिनाभर चूल नीट पेटलेली नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

कसा, ते सांगते. तुझी बायको कोकिळा गेली त्याला दीड महिना झाला. त्याबद्दल मला काय वाटतं ते मी लिहिणार नाही, ते माझ्यापाशी राहू दे. पण तेराव्या दिवशी तिच्या गंधमुक्तीला, दोनशे माणसं पंगतीत बसलेली असताना, तू हार घातलेल्या फोटोकडे बोट केलंस आणि म्हणालास, ‘हाई मनी कोकिळा नही शे. तोतारामना नातूनी फोटो बिघाडी टाका.’ स्टुडिओ काढणारे माझे मालक जाऊन बारा वर्षं झाली, तरी फोटो बिघडला की नाव त्यांचंच. आणि नातू म्हणजे आमचा गोपाल तिथेच वाढत होता, त्याच्या हातात बुंदीचं ताट होतं. ते त्याने खाली ठेवलं आणि न जेवता मोटरसायकलवर धरणगावला आला. एकतीस वर्षांचा घोडा, तेव्हापासून अर्धी भाकरी टाकून उठतो. म्हणतो, आजी, दोष कॅमेऱ्याचा आहे, मला फुल फ्रेम घ्यावा लागेल.

फुल फ्रेम म्हणजे काय ते त्याने मला तीन दिवस समजावलं. ज्या पाटीवर फोटो उमटतो ती पाटी त्याच्या कॅमेऱ्यात बारकी आहे, म्हणून कडेचं कापलं जातं आणि अंधारात चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं. फुल फ्रेमची पाटी मोठी. मी विचारलं, केवढी मोठी? तर म्हणतो, आजोबांच्या रोलच्या कॅमेऱ्याएवढी. म्हणजे स्टुडिओने वीस वर्षं बारक्यावर काम करायचं आणि मग जिथून निघालो तिथेच यायला कर्ज काढायचं. (किंमत इथे लिहीत नाही, वाचताना ममताला ठसका लागेल.) बरं, कॅमेरा एकटा येत नाही. जुन्या लेन्स त्याला लावल्या तर फोटोच्या चारी कोपऱ्यांत काळोख. नवी सून आणायची आणि तिला सासरचं एकही भांडं चालायचं नाही, तशातली गत. मालकांच्या रोलच्या कॅमेऱ्याची लेन्स मात्र एक कडी लावली की बसेल म्हणाला. ट्रंकेतून काढली, तर आत काचेवर बुरशी. पापडावर धरते तशी.

आणि हे कोणत्या धंद्यासाठी, तेही ऐक. लग्नाचे फोटो आता वरात आटोपायच्या आधी मोबाईलवर फिरतात. पासपोर्टचे फोटो सगळे ऑनलाईनवाल्याकडे काढतात. आमच्या स्टुडिओत खात्रीचं गिऱ्हाईक एकच, मेलेलं. घरचा माणूस मोबाईल घेऊन येतो, त्यात आजोबा हसत असतात आणि मागे संडासाचं दार असतं. दार काढून तिथे ढग टाकायचे. खाली बनियन असेल तर मुंडकं काढून तयार धडावर बसवायचं. पुरुषांसाठी आमच्याकडे तीन धडं आहेत, टोपी-सदऱ्याचं, कोटाचं आणि पांढऱ्या शर्टाचं. बायकांसाठी एकच, हिरव्या साडीचं. धरणगाव तालुक्यातल्या निम्म्या सवाष्णी त्या एका साडीत वर गेल्या आहेत. तिथे एकमेकींना ओळखतात की नाही देव जाणे. तुझी कोकिळाही त्याच साडीत गेली.

गोपाल रडका चेहरा करून बसला म्हणून मी त्याच्याबरोबर एसटीने जळगावला गेले. तिथल्या कॅमेऱ्याच्या दुकानात अर्पित नावाचा मारवाड्याचा मुलगा आहे, बोलायला गोड, चहा आधी मागवतो आणि भाव नंतर सांगतो. त्याने मला स्टुलावर बसवलं, समोर बघा म्हणाला, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर माझं तोंड आलं, गाडीच्या चाकाएवढं. सत्तर वर्षांत मी माझं तोंड असं कधी पाहिलं नव्हतं. पावसाळ्यानंतर सोनगीरच्या किल्ल्याच्या उतारावर ओघळ पडतात, तसे गालावर ओघळ. हनुवटीवर तीन केस. डाव्या डोळ्यात ढग आहे, तो मला डॉक्टरच्या आधी अर्पितने दाखवला. म्हणाला, आजी, किती डिटेल आहे बघा. मी म्हटलं, बघितलं, आता बंद कर. नंतर त्याला थोडं हळू सांगितलं की एक प्रिंट काढून पाकिटात घालून दे.

मग गोपालने एक दिवसासाठी भाड्याने फुल फ्रेम घेतला आणि शिरपूरचं एक लग्न मारलं. मीही गेले, कारण तो म्हणाला तू डोळ्यांनी बघ. हळद आतल्या अरुंद खोलीत होती. जुना कॅमेरा घेऊन गोपाल भिंतीला पाठ लावून उभा राहिला असता तरी नवरी आणि दोन करवल्या यापलीकडे काही आलं नसतं. या कॅमेऱ्यात अकरा माणसं आली. त्यात नवरीचा काका होता, तो प्रसादाच्या ताटातले काजू खिशात घालत होता. मावशी होती, ती वाकडं तोंड करून होणाऱ्या विहिणीकडे बघत होती. एवढं स्वच्छ की काजू मोजता आले. फोटो पाहून काका भांडायला उठला. नवरीची आई म्हणाली, माझी मान अशी आहे का? मग गोपाल दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून एकेक सुरकुती पुसत होता, काजूसुद्धा पुसले, शेवटी बठ्ठी माणसं मैद्याची केल्यासारखी झाली, तेव्हा लोक खूश. मी हेच काम निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने तीस वर्षं केलं. चौथी नापास बाई, पण पाटलिणीचे देवीचे वण मी घालवलेले आहेत. फरक इतकाच की तेव्हा वण पकडायला कर्ज काढावं लागत नव्हतं.

तेव्हा मी गोपालला सांगून टाकलं, घ्यायचा नाही. मी असेपर्यंत नाही.

आता तुझ्याकडे येते. फोटो वाईट होता हे खरं. पण गोपालला तुझ्याकडून जो फोटो मिळाला तो कोणता होता? तुझ्या मुलाच्या लग्नातला. कारण दुसरा नव्हताच. बेचाळीस वर्षं संसार केलास, भांड्यांचं दुकान चालवलंस, दुकानाचे फोटो आहेत, तुझे सत्काराचे आहेत, म्हशीचासुद्धा आहे. बायकोचा एक, तोही चुकून आलेला. त्यात मधोमध रुखवत आहे, तुझ्याच दुकानातला हंडा आहे, त्याच्यावर कोरलेलं तुझं नाव वाचता येतं. आणि उजव्या कडेला कोकिळा, हातात पाण्याची कळशी घेऊन पंगतीकडे पळणारी. पळणारं माणूस पुसट येतं, त्याला कोणताही कॅमेरा काय करणार? तिचा डावा कान तर फोटोच्या बाहेरच राहिला होता. मग गोपालने उजवा कान उलटा करून डाव्याच्या जागी चिकटवला.

झुलाल, कोकिळाच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. तुझा मुलगा आठ महिन्यांचा असताना त्याने डूल ओढलं होतं. तिने कापडाने रक्त दाबून धरलं आणि भाकरी थापत राहिली, मी चुलीपाशी होते. त्या फोटोत दोन्ही पाळ्या धड आहेत. मला गंधमुक्तीच्या छापील कार्डावरच दिसलं. दोनशे माणसं जेवून गेली, कोणाच्या लक्षात आलं नाही. तू सगळ्यांसमोर उभा राहून चुका काढल्यास, फोटो पुसट म्हणालास, साडी तिची नाही म्हणालास. कान म्हणाला नाहीस. मोतीबिंदू होता म्हणून सोडून देते. पट्टी निघाली की भिंतीजवळ जा आणि नव्या डोळ्याने बघ.

गोपालने माफी मागावी असं तू लोकांजवळ बोललास म्हणे. तो मागणार नाही. मी त्याला मागू देणार नाही.

डोळ्याला पाणी लावू नकोस. वाकून काही उचलू नकोस.

तुझी अक्का,
गुंता

ता. क. कॅमेरा घेणार नाही असं वर लिहिलं ते सोमवारी. आज शनिवार आहे. मधे बुधवारी मी ट्रंकेतले अल्बम काढले होते, माझा एखादा फोटो मिळतो का बघायला, कारण माझीही वेळ फार लांब नाही आणि मला त्या हिरव्या धडावर बसायचं नाही, विधवेला ते तसंही चालायचं नाही. मालकांनी आयुष्यभर फोटो काढले आणि मी त्यांच्या बाजूला चादर धरून उभी, उजेड नीट पडावा म्हणून. एका फोटोत माझा हात आलाय. हात चांगला आलाय. बाकी मी कुठेच नाही. काल गोपालला घेऊन परत जळगावला गेले. अर्पितने जुना कॅमेरा आणि सगळ्या लेन्स ठेवून घेतल्या, म्हणजे आता मागे फिरायचा रस्ता नाही. हप्ते गोपाल भरेल, मी मेल्यावरही भरत राहील. टीव्हीवर आलेल्या माझ्या तोंडाची ती प्रिंट ट्रंकेत वरच ठेवली आहे. हनुवटीवरचे तीन केस कोणी पुसले तर मी बघून घेईन.

आणखी एक. कोकिळाच्या गंधमुक्तीच्या कार्यक्रमाचे गोपालने एकशेचाळीस फोटो काढले होते. ते मी चष्मा लावून एकेक पाहिले. ममता नऊ फोटोंत आहे. नऊच्या नऊ फोटोंत कडेला, हातात काहीतरी भांडं, आणि एकातही पूर्ण नाही. ती उद्या गेली तर आम्हाला तिलाही त्याच हिरव्या साडीत पाठवावं लागेल. (ममता, थांबू नकोस, वाच.) पुढच्या रविवारी मी आणि गोपाल सोनगीरला येतो आहोत. तुमची मधली खोली अरुंद आहे म्हणून हा कॅमेरा घेतला, दुसरं काही कारण नाही. तिने हात मोकळे ठेवून खोलीच्या मधोमध एकटीने बसायचं. साडी तिची तिने निवडायची. त्या दिवशी आम्हाला पाणी तू आणून द्यायचंस, झुलाल, आणि मग कडेला उभं राहायचंस. नवीन कॅमेऱ्यात तूही येशील.

रविवार जमतो की नाही याचं उत्तर मला पत्रानेच पाहिजे, आणि ते ममताने लिहायचं. तू सांगायचंस आणि तिने उतरवायचं असं नाही, तिचं तिने. तू फक्त तिकीट चिकटवून पेटीत टाकून ये.