समोरचा दगड

रविवार, १५ जानेवारी १९५०. बुऱ्हाणपूर.

आज नाव पुन्हा तापीत घातली. उस्माननं आणि मी पेट्यांच्या फळ्या ठोकून केली होती ती. बांधतानाच दोघांच्या वजनाची केली, त्यामुळे मागे एकटा बसलो की पुढचं टोक वर उचलतं. शेवटी राजघाटावरचा एक मोठा दगड पुढे उस्मानच्या जागेवर ठेवला. लगेच सरळ चालली. शीड त्याच्याच हातमागावर विणलेलं, अजून एक धागा सुटलेला नाही.

दुपारी काठाला ओढून फटीत डांबर भरलं. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशीही डांबरच भरत होतो. उस्मान बाजूला किती वेळ उभा होता कोण जाणे. म्हणाला, "जाऊं क्या?" मी मान वर न करता म्हटलं, "जा ना." मला वाटलं, घरी जायचं म्हणतोय. आठवड्यानं कळलं, सगळं कुटुंब कराचीला गेलं.

घरी जायला तो कधी मला विचारायचा का? दोन वर्षं हेच डोक्यात. अडवलं असतं तर थांबला असता? मी कोण त्याला थांबवणारा? पण विचारलं तर मलाच ना.

संध्याकाळी परतलो तेव्हा घाटावरचा धोबी हसून म्हणाला, "मास्तर, तो दगड उतारून द्या ना, नावेला उगीच बोजा."

मी वाकलो, दगडाला दोन्ही हात लावले, आणि तोंडातून आपसूक निघालं, "थांब ना."

तसाच ठेवून घरी आलो.