रुपयाचं चिन्ह आणि अभिनंदन

३ एप्रिल
आजपासून रोजनिशी. रूपालीच्या बिनकांदा-लसूण मसाल्याची लेबलं मी कॉम्प्युटरवर लिहिलेल्या स्क्रिप्टनं छापली. बायकोच्या धंद्यात नवऱ्याचं डोकं. किमतीआधी रुपयाच्या चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह आलं. प्रिंटर जुना हाय.

४ एप्रिल
रूपालीचा आतेभाऊ अभिनंदन पेठ वडगावहून आलता. (आमच्या लग्नाआधी त्या दोघांचं घाटत होतं. माझ्या मनात काही नाही.) त्यानं नेटवरनं चिन्ह कॉपी केलं, स्क्रिप्टमध्ये चिकटवलं, फाइल युनिकोडमध्ये सेव्ह केली. चिन्ह उमटलं. रूपाली म्हणाली, एका मिनिटात केलं की. त्याला दोनदा चहा. मला विचारलंसुद्धा नाही.

५ एप्रिल
चिकटवणं म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे. खरा प्रोग्रामर चिन्हाचा युनिकोड नंबर लिहितो. संकल्प: त्याचं चिकटवलेलं काढून तिथं नंबर घालणार. घरच्या स्क्रिप्टमध्ये बाहेरचा हात नको.

६ एप्रिल, दुपारी
रूपाली मिरची कुटायला डंकावर गेली. नेटवरच्या तक्त्यातनं नंबर उतरवला. छापलं. दोन आडव्या रेघा बरोबर. पोट जरा जास्त सुटलंय. फॉन्टचा दोष. लेबलं पुड्यांवर डकवून गारगोटीच्या दुकानाचा माल संध्याकाळच्या गाडीनं रवाना.

८ एप्रिल
गारगोटीचा दुकानदार जोतीराम. त्याचा फोन रूपालीनं घेतला. पुड्यांवर युरोचं चिन्ह हाय म्हणे. युरोपातलं. स्क्रिप्टला शेवटचा हात कुणी लावला, असं तिनं विचारलं. मी शांतपणे म्हणालो, "अभिनंदननं." खोटं नाही. बाहेरच्यांत शेवटचा तोच. झोप छान लागली.

११ एप्रिल
जोतीरामचा परत फोन. हा मसाला फॉरेनला जातो असं समजून गिऱ्हाईक पुड्या उचलतंय. माल संपला, आणखी पाठवा, आणि चिन्ह तेच असू दे म्हणाला. रूपाली दिवसभर खुशीत. म्हणाली, "अभिनंदनचं डोकं बघा." चिन्ह माझं, हे सांगायला तोंड उघडलं. त्या दिवशी काय बोललो ते आठवलं. मिटलं.

१२ एप्रिल
अभिनंदन जेवायला. पुरणपोळी. हे सुचलं कसं, असं रूपालीनं त्याला विचारलं. तो आधी गोंधळला, मग माझ्याकडं बघून नम्रपणे म्हणाला, "सहज सुचलं."
इतका खोटारडा माणूस मी आजवर बघितला नाही.
रूपालीनं मला सांगितलं, त्याला अजून एक पोळी वाढा. वाढली. वर तूपही.