हे मजकुरात घेणार नाही

दि. ९ जुलै

ती. स्व. दादास,

साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे ती कुरकुरत का होईना, जिना चढते. वहिनीचे टाके निघाले का? तिला सांग, तिने विणलेला स्वेटर मला खांद्यात घट्ट होतो, तरी मी तो हट्टाने घालते.

काल तू तीनदा फोन केलास. मी उचलला नाही. रुसले म्हणून नव्हे. रुसले असते तर उचलून कडाकडा भांडले असते. यावेळी लिहूनच बोलायचं ठरवलं आहे.

कारखान्याच्या वार्षिक अहवालाचं प्रूफ तुझ्या खोलीतून परत आलं. माझ्या आलेखावर लाल पेन्सिलीची काट आणि शेजारी तुझं अक्षर: 'हे मजकुरात घ्या.' भावाने लिहिलं की व्यवस्थापकाने, असा प्रश्न पडला. 'घ्या' म्हणतोस म्हणजे व्यवस्थापकच असणार.

दादा, तू या कारखान्यात येण्याआधीपासून मी इथल्या आकडेवारी विभागात आहे. इथली रीत मला पाठ आहे. चांगली बातमी रंगीत आलेखात, पानभर. मधली तक्त्यात, ज्याला गरज असेल तो बोट लावून शोधेल. आणि वाईट बातमी मजकुरात, दोन स्तुतींच्या मधे दडवून: 'काही विभागांत किंचित वाढ आढळते, तथापि...' त्या 'तथापि'चा मला मनस्वी तिटकारा आहे.

यंदा डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचे कान तपासले. निकालाचा मी आधी तक्ताच केला होता. बाटल्यांची धुलाई, भराई, गोदाम, कार्यालय, सगळे एकाखाली एक, एकाच आकाराच्या अक्षरांत. नजर कुठे अडेचना. मग टक्केवारी काढून खांब उभे केले. गोदामाचा खांब बोटाच्या पेराएवढा निघाला आणि भराईचा पानाच्या वरच्या कडेला जाऊन टेकला. तिथे दर दहा माणसांत चौघांना कमी ऐकू येतं. उभा अक्ष शून्यापासून आहे, हवं तर पट्टी लावून बघ. गेल्या वर्षी वाढ मोठी दिसावी म्हणून तुला विक्रीच्या आलेखाचा अक्ष नव्वदपासून सुरू करून हवा होता आणि मी नाही म्हटल्यावर तू तो आलेख बाहेरून काढून आणलास. तसली हातचलाखी मी केलेली नाही.

खाली तू आणखी एक सूचना केली आहेस, की सगळ्या कारखान्याची मिळून सरासरी द्यावी. म्हणजे गोदामातले आणि कार्यालयातले धडधाकट कान भराईवाल्यांना कागदावर उसने द्यायचे. वा!

सोमवारी मालक मंडळींची बैठक आहे. भराईच्या यंत्रांवर आवाज अडवणारी झाकणं बसवायची की नाही, हे तिथे ठरणार. ती मंडळी मजकूर वाचत नाहीत. चहा येईपर्यंत पानं उलटतात आणि चित्रं बघतात. हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच ती काट मारलीस. मला राग आला आहे, दादा, आणि तो मी लपवत नाही.

तू म्हणशील, तुझा जीव का एवढा तुटतोय, तू कुठे भराईत आहेस? हजेरीपटावर नाही. पण माझी खोली त्यांच्या पट्ट्याच्या बरोबर डोक्यावर आहे. खाली बाटल्यांवर बाटल्या आदळतात आणि माझ्या टेबलावरचा कप सरकत सरकत काठाशी येतो. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला कुठल्या विभागात धरू?" मी म्हटलं, "जिथे बसते तिथे धरा."

तर त्या चौघांतली एक मी आहे. फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. बरेच महिने मी नुसतं 'हो, हो' करून निभावत होते. मागे तू काहीतरी सांगितलंस, मी हसले आणि तू फोन आपटलास. वहिनीचं ऑपरेशन ठरल्याचं सांगत होतास, हे मला नंतर आईकडून कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं रे.

आता दया दाखवून मला गोदामाशेजारची शांत खोली देऊ करशील. ओळखते मी तुला. ती नको. मी खोली बदलली म्हणून तो खांब खाली येणार नाही.

छापखान्यातल्या मामांना सांगून आले आहे: कानांचा आलेख पानभर, लाल रंगात, अगदी सुरुवातीला. विक्रीचा आलेख काढून टाकला आहे. विक्री मजकुरात घेतली आहे, 'विक्रीत किंचित वाढ आढळते' एवढीच. बदल हवा असेल तर तसा लेखी हुकूम दे, खाली तुझी सही आणि हुद्दा. मामा शनिवारपर्यंत थांबतील. पेन्सिलीची काट ते आता मानणार नाहीत.

आणि सही केलीस तरी मी बैठकीला येणारच. आलेख भिंतीवर लावण्याएवढा मोठा करून घेतला आहे. भिंत दिली नाहीत तर हातात धरून उभी राहीन. नोकरी जायची तर जाऊ दे. तुम्ही सगळे मिळून माझ्यावर ओरडा हवं तेवढं. मला त्यातलं निम्मंच ऐकू येणार आहे.

इथे 'आपली आज्ञाधारक' लिहायची आपल्या कार्यालयाची पद्धत आहे. ते लिहीत नाही.

तुझीच,
बहीण